सिग्नल मिळाल्यानंतर

१६ नोव्हेंबर १९९२ चा दिवस. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या हॉक्सन या खेड्यात पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याचा हातोडा शेतात कुठेतरी हरवला होता. तो शोधून द्यायला त्यांनी आपल्या ओळखीच्या एरिक लॉज यांना बोलावलं. लॉज निवृत्त माळी होते आणि त्यांच्याकडे मेटल डिटेक्टर होता. हातोडा शोधत फिरताना यंत्रानं जोरदार सिग्नल दिला आणि मातीतून चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणी वर यायला लागली. थोड्या वस्तू हाती आल्यावर लॉज यांनी एक गोष्ट केली, जी त्या क्षणी करणं फार कठीण असतं. त्यांनी खणणं थांबवलं आणि खबर दिली.

दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले आणि त्यांनी तो साठा पद्धतशीर उकरला. रोमन काळातली १४,८६५ नाणी आणि सोन्याचांदीच्या सुमारे २०० वस्तू निघाल्या. त्याहून मोलाची ठरली ती त्यांची मांडणी. सगळा ऐवज लाकडी पेटीत भरलेला होता, त्या पेटीत आणखी छोट्या पेट्या होत्या, त्यांची चांदीची इवलीशी कुलुपंही सापडली. कुठली वस्तू कशाशेजारी ठेवली होती, हे कळल्यामुळे चौथ्या-पाचव्या शतकातल्या एका श्रीमंत घराचं सामान कसं बांधलं गेलं, ते आज सांगता येतं. साठ्याची किंमत १७.५ लाख पौंड ठरली. हातोडाही सापडला आणि आज तो ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

ब्रिटनमध्ये मेटल डिटेक्टिंग हा हजारो लोकांचा छंद आहे. नव्यानं येणारा माणूस साधारणपणे सगळे पैसे यंत्रावर घालतो आणि जोडसामानाकडे नंतर बघू म्हणतो. पण यंत्र फक्त एवढंच सांगतं की इथं काहीतरी आहे. ते नेमकं कुठं आहे, किती खोल आहे, खणताना त्याला फावड्याचा घाव बसेल की नाही, लाटेत ते हातातून निसटेल की राहील, आणि महिन्याभरानंतर ते कुठून निघालं हे सांगता येईल की नाही, हे सगळं ठरतं ते कॉइल, हेडफोन, पिनपॉइंटर, खुरपं, चाळणी आणि पिशवी यांच्यावर. सामान निवडताना विचारायचा प्रश्न म्हणूनच ‘किती खोल जाईल?’ एवढाच नाही. वस्तू आणि तिची जागा किती शाबूत राहील, हाही आहे.

तबकडीचा आकार

यंत्राच्या टोकाला असलेली गोल किंवा लांबट तबकडी म्हणजे कॉइल. तिच्यातल्या तारांच्या एका वेटोळ्यातून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. वाटेत धातू आला की त्यात छोटे विद्युतप्रवाह तयार होतात, त्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र उमटतं आणि दुसरं वेटोळं ते पकडतं. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये याच तत्त्वावरचं उपकरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला वापरलं होतं. ते फसलं. त्याचं एक कारण म्हणून बिछान्यातल्या लोखंडी स्प्रिंगांकडे बोट दाखवलं जातं. आसपासचा धातू यंत्राला चकवतो, हा धडा तिथपासूनचा आहे.

मोठी कॉइल घेतली की जास्त खोल जाता येईल, असं सगळ्यांनाच वाटतं. ते अर्धंच खरं आहे. कॉइलच्या मानानं वस्तू बरीच दूर असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर तिचा सिग्नल जवळजवळ चौसष्टाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे ११ इंचांची कॉइल काढून १५ इंचांची लावली, तरी एका नाण्यामागे खोलीत फार मोठा फरक पडत नाही. मोठ्या कॉइलचा खरा फायदा एका फेरीत जास्त जमीन हिंडून होण्यात आहे. उघडं, मोठं, कमी कचऱ्याचं शेत असेल तर ती चांगली.

जुन्या घराचा पाया, जत्रेचं मैदान, जुना रस्ता अशा ठिकाणी मात्र तीच कॉइल आंधळी होते. तिच्याखाली एकाच वेळी चार खिळे आणि एक चांदीचं नाणं येतं आणि खिळ्यांच्या गोंगाटात नाणं हरवतं. तिथं सहा इंचांची छोटी कॉइल कामाला येते. कापणीनंतर उरलेल्या धसकटांमध्येही तीच सहज फिरते, कारण मोठी कॉइल धसकटांवर अडकून जमिनीपासून वर राहते आणि तेवढी खोली वाया जाते.

आकाराइतकीच महत्त्वाची आहे ती आतल्या वेटोळ्यांची रचना. एकात एक गोल वेटोळी असलेल्या कॉइलचं क्षेत्र खाली निमुळतं होत जातं, म्हणून सावकाश, फेरीवर फेरी चढवत चालावं लागतं. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून बसवलेल्या ‘डबल डी’ कॉइलमध्ये मधला अरुंद उभा पट्टाच काम करतो. खनिजं जास्त असलेल्या जमिनीत ती शांत राहते आणि जवळजवळच्या दोन वस्तू वेगळ्या दाखवते. आज बाजारातल्या बहुतेक यंत्रांबरोबर हीच मिळते. एक गोष्ट मात्र विकत घेण्याआधी पक्की करावी: एका यंत्राची कॉइल दुसऱ्याला सहसा चालत नाही, कंपनी एकच असली तरी.

कॉइलच्या आसपासची दुरुस्ती घरी करता येते आणि ती फुकटात मोठा फरक पाडते. कॉइलपासून वर जाणारी केबल दांड्याला सैल लोंबत असेल तर प्रत्येक झोक्याला ती हलते आणि खोटे आवाज येतात. ती दांड्याभोवती नीट गुंडाळून वेल्क्रोच्या पट्टीनं बांधावी. कॉइल दांड्याला जोडणारा बोल्ट नायलॉनचा असतो. तो तुटला तर तात्पुरता लोखंडी बोल्ट घालायचा मोह होतो. तसं केलं की यंत्र दिवसभर तोच बोल्ट शोधत बसतं. म्हणून पिशवीत नायलॉनचा एक बोल्ट आणि दोन रबरी वायसर जादा ठेवतात.

कानाशी येणारा उशीर

बारीक सिग्नल आधी कानाला कळतो, पडद्यावर तो नंतर नीट दिसतो. खोलवरचं नाणं कधी कधी फक्त हलका, तुटक सूर देतं, आणि वाऱ्यात यंत्राच्या स्पीकरवरून तो ऐकू येत नाही. म्हणून हेडफोन ही चैन राहत नाही.

बिनतारी हेडफोन घेताना एक हिशेब करून बघावा. हात साधारण सेकंदाला एक मीटर या वेगानं झुलतो. साध्या ब्ल्यूटूथवर आवाज पोचायला १५० मिलिसेकंद उशीर झाला, तर सूर कानावर येईपर्यंत कॉइल वस्तूच्या १५ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. माणूस भलत्याच जागी खणायला लागतो. हाच उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास आणणारं तंत्र असलेले हेडफोन घेतले, तर चूक चार सेंटिमीटरवर येते. गाणी ऐकायचे हेडफोन कितीही महाग असले तरी या कामाला चालतीलच असं नाही, ते यामुळे.

पाण्यात तर बिनतारी प्रकार संपतोच. हेडफोनचे रेडिओ संकेत समुद्राच्या पाण्यात काही सेंटिमीटरांतच विरून जातात. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून काम करायचं, यंत्राचा वरचा भाग मधूनमधून बुडतोय, अशा वेळी जलरोधक जोड असलेले तारेचे हेडफोनच लागतात.

शेवटचे चार इंच

यंत्र तळहाताएवढी जागा दाखवतं. त्या जागेत नाणं नेमकं कुठं, हे शोधणाऱ्या हातातल्या छोट्या दांडुक्याला पिनपॉइंटर म्हणतात. टोक धातूजवळ गेलं की तो थरथरतो आणि वाजतो. गॅरेट कंपनीचा नारिंगी पिनपॉइंटर इतका ओळखीचा आहे की इंग्लंड-अमेरिकेतले छांदिष्ट त्याला सरळ ‘गाजर’ म्हणतात. तो सहा मीटर पाण्यापर्यंत चालतो. नारिंगी रंगाचा फायदा खरा आहे, कारण काळा पिनपॉइंटर नांगरलेल्या शेतात खाली ठेवला की सापडत नाही. रंग नसेल तर भडक चिकटपट्टी गुंडाळली तरी काम होतं. लवचिक दोरीनं तो कमरेला बांधून ठेवणं त्याहून चांगलं.

पिनपॉइंटर नसेल तर माणूस अंदाजानं खणतो, खड्डा मोठा होतो, आणि फावड्याची धार नाण्याच्या कडेवरून जाते. मातीखाली सतराशे वर्षं सुरक्षित राहिलेल्या नाण्यावर पहिला ओरखडा उमटतो तो अशा वेळी.

खणायच्या अवजारात दोन प्रकार आहेत. नांगरलेल्या शेतासाठी पायानं दाबायचं, अरुंद पात्याचं, आडव्या मुठीचं फावडं. हिरवळीसाठी एका बाजूला दाते असलेलं, रुंद पात्याचं खुरपं. हिरवळीवर खणण्याची रीत ठरलेली आहे. तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू बिजागरीसारखी तशीच ठेवायची, आणि मातीसकट गवताचा तो तुकडा डब्याच्या झाकणासारखा उघडायचा. निघालेली माती शेजारी पसरलेल्या कापडावर टाकायची. वस्तू निघाली की कापडावरची माती परत आत, झाकण बंद, पायानं दाबायचं. मुळं तुटली नाहीत तर गवत जगतं, आणि जमीनमालक पुन्हा येऊ देतो.

इंग्लंडमध्ये नांगर जिथपर्यंत फिरतो तो थर साधारण २० ते ३० सेंटिमीटरचा असतो. त्यातल्या वस्तू आधीच उलटसुलट झालेल्या असतात. त्याखाली गेल्यावर सगळं अजून आपल्या मूळ जागी असू शकतं. जबाबदार मेटल डिटेक्टिंगसाठी इंग्लंड-वेल्समध्ये तयार झालेली आचारसंहिता सांगते की नांगरटीच्या थरातच काम करावं, आणि त्याखाली काही लागलं तर थांबून तज्ज्ञाला बोलवावं. हॉक्सनमध्ये लॉज यांनी ते या संहितेच्या पुष्कळ आधी केलं.

बुटांचाही विचार करावा लागतो. कारखान्यात वापरतात तसे पोलादी टोपीचे बूट घातले तर कॉइल पायाजवळ आली की यंत्र ओरडतं. कमरेच्या पट्ट्याचं मोठं बक्कल, खिशातल्या किल्ल्या आणि मोबाईल यांच्यामुळे पिनपॉइंटरचा गोंधळ होतो. संरक्षण हवंच असेल तर प्लॅस्टिकच्या मिश्र साहित्याची टोपी असलेले बूट मिळतात.

पिशवी, पाणी आणि पत्ता

वस्तू बाहेर आली की पहिली ऊर्मी अंगठ्यानं माती पुसण्याची असते. मातीतल्या वाळूचे कण क्वार्ट्झचे असतात, त्यांचा कठीणपणा मोहच्या मोजपट्टीवर ७. चांदी आणि सोनं जेमतेम अडीच ते तीन. म्हणजे पुसणं हे घासकागद फिरवण्यासारखं आहे. नाण्यावरची अक्षरं शतकानुशतकं टिकून शेवटी सापडल्यावर पाच सेकंदांत जातात.

म्हणून कमरेच्या पिशवीत निदान तीन कप्पे असावेत. एक कचऱ्यासाठी: डब्यांच्या कड्या, शिशाचे तुकडे, काडतुसांची टोपणं. हा कचरा घरी नेऊन टाकणं हा छंदाचा भाग आहे, कारण परत मातीत टाकलेला तुकडा पुढच्या फेरीला पुन्हा वाजतो. दुसरा कप्पा साध्या वस्तूंसाठी. तिसऱ्यात फोमचं अस्तर लावलेली छोटी डबी. त्या फोममध्ये सुरीनं खाचे कापून घेतले की नाणी एकमेकांवर आपटत नाहीत. मऊ, ओलसर, लाकूड चिकटलेली वस्तू आली तर ती कोरडी करू नये. ती ज्या मातीत किंवा पाण्यात होती तेच सोबत घेऊन बंद डब्यात ठेवावी. समुद्रातलं लोखंड उन्हात वाळवलं की आतल्या क्षारांचे स्फटिक होतात आणि वस्तूचे पापुद्रे सुटतात.

प्रत्येक वस्तूला वेगळी झिपची पिशवी, आणि तिच्यावर ठिकाणाचा पत्ता. हातातल्या जीपीएसची अचूकता मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटरपर्यंत येते आणि बहुतेक कामांना ती पुरते. ब्रिटनमध्ये सामान्य माणसांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ १९९७ मध्ये सुरू झाली. तिच्या नोंदवहीत आज पंधरा लाखांहून जास्त वस्तू आहेत. एखाद्या गावाबाहेर विखुरलेली वीस-पंचवीस नाणी नकाशावर ठिपक्यांसारखी मांडली की तिथं बाजार भरत होता का, वाट जात होती का, हे अभ्यासकांना दिसायला लागतं. पत्ता नसलेलं नाणं फक्त नाणं राहतं.

खारं पाणी हाच एक धातू

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या साध्या यंत्राला ओली वाळूच धातूसारखी भासते आणि ते सतत कुरकुरतं. समुद्रासाठी दोन प्रकारची यंत्रं चालतात. एकात एकाच वेळी अनेक वारंवारता वापरून मिठाचा परिणाम वजा केला जातो. दुसरी ‘पल्स इंडक्शन’ पद्धतीची, ठोके देऊन त्यानंतरची शांतता ऐकणारी. ही खोल जातात आणि काळ्या, लोहयुक्त वाळूला घाबरत नाहीत, पण लोखंड आणि सोनं यांत ती नीट भेद करत नाहीत. म्हणजे प्रत्येक सिग्नल खणावा लागतो, आणि खणायचं साधन झटपट असावं लागतं.

ते साधन म्हणजे स्कूप. भोकं पाडलेल्या पत्र्याचं, पुढून धारदार, टोपलीच्या आकाराचं. वाळू भरायची, हलवायची, वाळू गळते, वस्तू उरते. भोकांचा आकार हा इथला खरा निर्णय. साधारण १० मिलिमीटरच्या भोकांतून अंगठी जात नाही, पण कानातला खडा आणि पातळ साखळी जाते. भोकं बारीक केली तर ओली वाळू अडकून बसते आणि प्रत्येक खेपेला दुप्पट वेळ लागतो. कोरड्या वाळूसाठी बारीक भोकांचा प्लॅस्टिकचा हाताचा स्कूप आणि पाण्यासाठी मोठ्या भोकांचा लांब दांड्याचा, अशी जोडी अनुभवी लोक ठेवतात.

पाण्यातल्या स्कूपला पाय ठेवायला मागे जागा हवी, कारण तिथं जोर हातानं लागत नाही. पत्रा साध्या स्टेनलेसचा चालतो. ३१६ दर्जाचा असेल तर त्यातल्या मॉलिब्डेनममुळे खाऱ्या पाण्यात जास्त टिकतो. पोकळ अॅल्युमिनियमचा दांडा असेल तर तो पाण्यानं भरून जड होतो. तळाशी निचऱ्याचं भोक पाडलं की उचलताना तो रिकामा होतो. लाकडी दांडा तरंगतो, म्हणून स्कूप हातातून सुटला तर त्याची मूठ पाण्यावर उभी दिसते. आणखी एक पथ्य: स्कूप स्वतः धातूचा आहे. कॉइल फिरवताना तो पुरेसा लांब धरावा किंवा मागे ओढत न्यावा.

नदीतळाशी खडी असेल तर स्कूप पुरत नाही, चाळण लागते. घरी करता येण्यासारखी उत्तम गोष्ट म्हणजे तरंगती चाळण. जाळीच्या चौकटीभोवती हवा भरलेली टायरची ट्यूब किंवा फोमची नळी बांधायची, आणि दोरीनं ती कमरेला जोडायची. स्कूपमधला माल चाळणीत ओतला की दोन्ही हात मोकळे होतात आणि प्रवाहच वाळू धुऊन नेतो.

पाण्यात कॉइलचं वागणंही बदलतं. भरीव, झाकलेली तबकडी पाण्याला आडवी लागते आणि अर्ध्या तासात खांदा भरून येतो. मधे मोकळी जागा असलेली सांगाड्याची कॉइल पाणी कापत जाते. खूप हलकी कॉइल तरंगायला बघते आणि तळापासून वर उचलली जाते. तेव्हा दांड्यात, कॉइलपासून दूर, वजन घालतात. कॉइलच्या खालचं संरक्षक झाकण आठवणीनं काढून धुवावं. त्यात काळी वाळू आणि खारं पाणी साचलं की रिकाम्या जागीही यंत्र वाजत राहतं.

जलरोधक या शब्दाची खातरजमा आकड्यानं करावी. किती मीटर? मिनलॅबचं इक्विनॉक्स ८०० तीन मीटरपर्यंत जातं. त्याच कंपनीचं डायव्हरांसाठीचं एक्सकॅलिबर साठ मीटरपर्यंत. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, त्यामुळे तीन मीटरचं यंत्र घेऊन डुबकी मारणं म्हणजे ते गमावणं. बॅटरीच्या झाकणाखालच्या रबरी कडीवर वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत शिरायला वाट मिळते. ती कडी मऊ कापडानं पुसून तिच्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा आणि मगच झाकण लावायचं. काम संपल्यावर सगळं सामान, हेडफोनच्या जोडांसकट, गोड्या पाण्यात धुवायचं.

फ्लोरिडाचा किनारा

पाण्यातल्या जुगाडाचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात घडलं. जुलै १७१५ मध्ये क्युबाहून स्पेनला निघालेल्या बारा जहाजांपैकी अकरा वादळात या किनाऱ्यावर फुटली. विसाव्या शतकाच्या मध्यात तिथला बांधकाम कंत्राटदार किप वॅगनर याला वादळानंतर वाळूत काळपट चांदीची नाणी सापडत. त्यांतल्या एकावरही १७१५ नंतरचं साल नव्हतं. त्यानं सैन्यातून निकालात निघालेला, सुरुंग शोधायचा डिटेक्टर विकत घेतला आणि त्याच्या मदतीनं वाचलेल्या खलाशांच्या तळाची जागा शोधली. जवळच्या पाण्यात जहाजं होती.

१९६३ मध्ये त्याच्या गटाला कॅलिफोर्नियाहून आलेला मेल फिशर मिळाला. तिथलं पाणी गढूळ होतं, डायव्हरांना हातभर अंतरावरचंही दिसत नव्हतं. फिशरनं बोटीच्या पंख्यांमागे काटकोनात वळवलेले मोठे लोखंडी नळ बसवले. नांगर टाकून बोट जागच्या जागी बांधायची आणि पंखे चालवायचे. पंख्यांचा झोत मागे जायच्या ऐवजी नळांतून सरळ खाली जाई. उद्देश होता वरचं स्वच्छ पाणी तळाशी पाठवून डायव्हरांना दिसेल असं करण्याचा. प्रत्यक्षात झोतानं तळाची वाळूच उडवली आणि खाली गाडलेलं उघडं पडलं. १९६४ मध्ये एका दिवसात हजाराहून जास्त सोन्याची नाणी निघाली.

हे साधन चालतं, यात शंका नाही. पण ते वाळूबरोबर वस्तूंची मांडणीही उडवतं, म्हणून सागरी पुरातत्त्वज्ञांनी त्याला कायम विरोध केला. हॉक्सनच्या शेतात पेटीतली पेटी ओळखता आली. झोताखाली उडालेल्या जागी असलं काही वाचणं शक्य नसतं. म्हणून खजिन्याच्या शोधात साधन जितकं ताकदवान, तितका ते कुठं वापरायचं याचा निर्णय मोठा.

एक कागदही सोबत

ब्रिटनमध्ये जोडसामानाच्या यादीत परवानगीचा कागद आधी येतो. जमीनमालकाशी लेखी करार, लंडनमधल्या थेम्स नदीच्या ओहोटीनं उघड्या पडणाऱ्या पात्रासाठी बंदर प्राधिकरणाचा परवाना. १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये खजिना ठरू शकेल अशी वस्तू सापडल्यावर १४ दिवसांत कळवावी लागते. बुडालेल्या जहाजाचा भाग असेल तर २८ दिवसांत वेगळ्या अधिकाऱ्याला. कळवणाऱ्याचं नुकसान होत नाही: २००९ मध्ये टेरी हर्बर्ट याला मिळालेला स्टॅफर्डशायरचा अँग्लो-सॅक्सन साठा ३२.८५ लाख पौंडांचा ठरला आणि रक्कम त्याच्यात आणि शेतमालकात वाटली गेली. उलट, २०१५ मध्ये लेम्स्टरजवळ सापडलेला व्हायकिंग काळातला साठा दडवून विकणाऱ्या दोघांना २०१९ मध्ये दीर्घ तुरुंगवास झाला. त्या साठ्यातली बहुतेक नाणी आजही बेपत्ता आहेत.

भारतात चित्र वेगळं आहे. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. संरक्षित किल्ले, लेणी, मंदिरं यांच्या आवारात परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. गडावर डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्यानं इतिहासाची सेवा केली असं होत नाही. तो पुढच्या संशोधकाचा पुरावा उचलून नेतो.

तरीही इथं या साधनांना प्रामाणिक काम आहे. पुळणीवर खेळताना हरवलेली अंगठी, शेतात तुटून पडलेला ट्रॅक्टरचा सुटा भाग, घराच्या अंगणात गाडलेली जुनी पाइपलाइन. कोकणातल्या कुठल्याही वेल्डरकडून भोकांच्या स्टेनलेस पत्र्याचा स्कूप करून घेता येतो आणि त्याला बांबूचा दांडा बसवता येतो. बांबू गंजत नाही, तरंगतो आणि यंत्राला दिसत नाही.

नव्या माणसानं सामान जमवल्यावर पहिले काही दिवस स्वतःच्या अंगणातच घालवावेत. पाच, दहा, पंधरा, वीस सेंटिमीटर खोलीवर वेगवेगळ्या वस्तू पुराव्यात: जुनं तांब्याचं नाणं, पितळी पाच रुपयांचं, चांदीची तुटकी जोडवी, एक खिळा, थंड पेयाच्या डब्याची कडी. सोबत एक रुपयाचं नाणंही ठेवावं. ते चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस पोलादाचं असल्यामुळे लोखंड वगळायची सोय चालू केली की काही यंत्रं ते गाळून टाकतात. नदीच्या घाटांवर दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणाऱ्या मुलांचं काम जमतं तेही याच पोलादामुळे. चांदी त्या चुंबकाला लागत नाही. प्रत्येक जागी काठी रोवून वहीत लिहावं: वस्तू, खोली, सूर कसा आला, पडद्यावर आकडा कोणता दिसला. मग कॉइल बदलून तीच फेरी पुन्हा करावी आणि नवे आकडे शेजारच्या रकान्यात भरावेत. जमीन पावसानं भिजल्यावर तिसरी फेरी करावी, कारण ओल्या मातीत हेच सूर बदलतात.